हॉस्टेलच्या वायफायसाठी फोनमध्ये सर्टिफिकेट टाकलंय, आता बँकेचं ॲप चालत नाही. माझा पासवर्ड गेला का?

नवखा_लातूरकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो. गेल्या आठवड्यात हॉस्टेलचं वायफाय बदललं, नवीन फायरवॉल (नेटवरची ये-जा तपासणारं यंत्र) बसवलाय म्हणे, आणि मेसच्या दाराशी कागद चिकटवलाय की प्रत्येकाने लॉगिन पेजवरून एक फाइल डाउनलोड करून फोनमध्ये इन्स्टॉल करायची, नाहीतर वेबसाइट उघडणार नाहीत. फाइलच्या नावाशेवटी डॉट सीआरटी आहे. नुसतं टॅप करून ती इन्स्टॉल होईना, सेटिंग्जमध्ये जाऊन करावी लागली, आणि तिथे मोठ्या अक्षरात आलं की तुमचा डेटा खासगी राहणार नाही, खाली बटण 'तरीही इन्स्टॉल करा'. सगळेच करत होते म्हणून मीपण केलं.

आता क्रोममध्ये सगळं चालतंय पण बँकेचं ॲप वायफायवर उघडतच नाही, मोबाइल डेटावर लगेच उघडतं. आणि वर नोटिफिकेशन येऊन बसलंय की नेटवर्कवर लक्ष ठेवलं जात असू शकतं. त्या दिवसापासून डोक्यात तेच चाललंय. माझा बँकेचा पासवर्ड, यूपीआय पिन, बोटाचा ठसा हे सगळं त्यांच्याकडे गेलं का? घरचे महिन्याचे पैसे याच खात्यावर पाठवतात हो. कोणी नीट समजावून सांगेल का?

सह्याद्री_भटका

आधी काढून टाक ते. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी, त्यात एन्क्रिप्शन आणि क्रेडेन्शियल्स, त्यात ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स. तिथे सिस्टिम आणि युजर असे दोन टॅब दिसतील, युजरमध्ये असेल ते काढ. कंपनीप्रमाणे मेनूची नावं थोडी इकडेतिकडे होतात, सापडलं नाही तर सेटिंग्जच्या सर्चमध्ये क्रेडेन्शियल टाइप कर. बाकीचं कुलूपकिल्ली सांगतील, त्यांचा विषय आहे.

कुलूपकिल्ली

नवख्या, घाबरू नकोस पण दुर्लक्षही करू नकोस, तुझा प्रश्न अगदी बरोबर आहे. मी बारा वर्षं अँड्रॉइडची ॲप लिहितोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोनमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे तुझ्या स्वतःच्या किल्ल्या, ज्या फोनने तुझ्यासाठी बनवल्यात. दुसरी म्हणजे फोन कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवतो त्याची यादी. तू जे इन्स्टॉल केलंस त्याने पहिल्या गोष्टीला धक्का लागत नाही, तू दुसऱ्या यादीत एक नाव वाढवलंस.

ही यादी म्हणजे काय तर समज तू क्रोममध्ये बँकेची साइट उघडलीस. समोरून एक सर्टिफिकेट येतं, 'मी अमुक बँक' असं सांगणारं. पण असं कोणीही म्हणेल, म्हणून त्यावर एखाद्या सर्टिफिकेट ऑथॉरिटीची सही लागते आणि त्या ऑथॉरिटीचं मूळ सर्टिफिकेट, ज्याला रूट म्हणतात, ते फोनमध्ये आधीच असावं लागतं. अँड्रॉइडमध्ये अशी शंभराच्या वर रूट कारखान्यातूनच येतात, त्या सिस्टिम टॅबमध्ये बघ, जगभरातली नावं दिसतील. गावात अनोळखी पाहुणा आला की आपण विचारतो ना, तू कोणाकडचा, आणि ओळखीच्या माणसाचं नाव सांगितलं तरच आत घेतो, तसं हे आहे. तू त्या ओळखीच्या माणसांत हॉस्टेलच्या फायरवॉलला बसवलंस. आता फायरवॉल मध्ये उभा राहून 'मीच गूगल', 'मीच बँक' असं म्हणत स्वतःच्या सहीचं सर्टिफिकेट दाखवतो, क्रोमला ते खरं वाटतं, आणि कुलूप मध्येच उघडून, आत बघून, पुन्हा लावून माल पुढे पाठवला जातो.

मग बँकेचं ॲप का अडलं? कारण २०१६ साली अँड्रॉइड ७ मध्ये गूगलने नियम बदलला. तोपर्यंत तू टाकलेलं रूट सगळी ॲप मानायची. ७ पासून, जी ॲप त्या किंवा पुढच्या व्हर्जनसाठी बनवलीत ती फक्त सिस्टिमची यादी मानतात, युजर टॅबमधलं मानत नाहीत, डेव्हलपरने मुद्दाम परवानगी लिहिली असेल तरच. क्रोम मात्र युजरचं रूट मानतो. म्हणून तुझं ॲप वायफायवर 'हा सांगतोय ती बँक नव्हे' असं ओळखून कनेक्शनच तोडतंय. ते बिघडलेलं नाही, त्याने तुला वाचवलं. कनेक्शन जुळलंच नाही म्हणजे त्यातून पासवर्ड, पिन काही गेलं नाही.

पण या आठवड्यात तू त्या वायफायवर क्रोममधून नेटबँकिंग किंवा ईमेल उघडून पासवर्ड टाकला असशील तर तो मध्ये वाचला गेला असू शकतो. मोबाइल डेटावर जाऊन तो बदल. आणि स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायची असेल तर वायफायवर कुठलीही साइट उघड, पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर टॅप कर, कनेक्शन सुरक्षित आहे असं येतं त्याच्या आत सर्टिफिकेटची माहिती उघड आणि कोणी दिलंय ते वाच. तिथे तुमच्या फायरवॉलचं किंवा कॉलेजचं नाव दिसलं की त्या साइटचं कुलूप मध्ये उघडलं जातंय. बऱ्याच ठिकाणी बँकांच्या साइट यातून वगळतात, ते तुमच्याकडे केलंय का हेही तिथेच कळेल.

करसल्लागार_कोल्हापूर

कुलूपकिल्ली, छान समजावलंत. एक शंका. आमच्याकडे कंपन्यांचे फॉर्म, रिटर्न भरायला डिजिटल सिग्नेचरची यूएसबी टोकन असतात, आम्ही डोंगल म्हणतो. त्यातली किल्ली बाहेर काढता येत नाही, सही टोकनच्या आतच होते, म्हणून तर क्लायंटचं डोंगल हरवलं की नवीन सर्टिफिकेटच काढावं लागतं, कॉपी कुठून आणणार. फोनमधल्या 'स्वतःच्या किल्ल्या' म्हणालात त्या अशाच असतात का? आणि बोटाच्या ठशाचं त्याने विचारलंय ते राहिलं.

कुलूपकिल्ली

ताई, यापेक्षा चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं. अगदी तेच. फोनच्या आत एक छोटं डोंगल आहे असंच समजा.

२०१३ मध्ये अँड्रॉइड ४.३ पासून ॲपला कीस्टोअर नावाची सोय मिळाली. ॲप म्हणतं, मला एक किल्ली बनवून दे. किल्ली बनते ती प्रोसेसरच्या एका वेगळ्या, बंदिस्त भागात, तिथे अँड्रॉइड स्वतःसुद्धा डोकावू शकत नाही. बाहेर मिळतं ते फक्त एक गाठोडं, म्हणजे ती किल्लीच पण फक्त त्याच चिपला माहीत असलेल्या दुसऱ्या किल्लीने बंद केलेली. फोनच्या स्टोरेजमध्ये हे गाठोडं पडलेलं असतं, ते चोरून दुसऱ्या फोनवर नेलं तरी उघडत नाही. ॲपला सही हवी असली की ते गाठोडं आणि मजकूर आत देतं, आतून सही बाहेर येते, किल्ली येत नाही. २०१८ ला अँड्रॉइड ९ मध्ये याच्याही पुढचं स्ट्राँगबॉक्स आलं, त्यात त्यासाठी मेन प्रोसेसरपासून वेगळी सुरक्षित चिपच असते, पिक्सेल ३ मधली टायटन एम तशी. आयफोनमध्ये सिक्युअर एन्क्लेव्ह २०१३ च्या ५एस पासून आहे.

बोटाचं असं, की ठसा त्या बंदिस्त भागाबाहेर जातच नाही, बँकेकडेही नाही. आत ठसा जुळला की आतूनच किल्लीला परवानगी मिळते, आणि बँकेला दिसते ती फक्त किल्लीने केलेली सही. तुम्ही फोनमध्ये नवीन बोट नोंदवलं की काही बँकांची ॲप पुन्हा पासवर्ड मागतात, ओटीपी मागतात, लोक वैतागतात त्याने. पण ते मुद्दाम केलेलं आहे. ॲपने किल्ली बनवताना तशी अट घातली असेल तर नवीन बोट नोंदवल्याक्षणी ती किल्ली कायमची बाद होते. कोणी तुमचा पिन आधी बघून ठेवला आणि तुम्ही झोपेत असताना स्वतःचं बोट फोनमध्ये नोंदवलं तर त्याला तुमची जुनी किल्ली मिळू नये म्हणून. ज्याने हे डिझाइन केलं त्याने घरातल्या चोराचाही विचार केला होता, मला हे फार आवडतं.

मात्र चिपमध्ये आहे म्हणजे अभेद्य असं समजू नका. तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की सॅमसंग गॅलेक्सी एस८ ते एस२१ मध्ये ही गाठोडी बांधण्यात चूक होती. बंद करताना दरवेळी नवा आकडा वापरायचा असतो, तो कधीच पुन्हा वापरायचा नाही, आणि यांच्या कोडमध्ये तो आकडा बाहेरून ठरवता येत होता. एकच आकडा दोनदा वापरायला लावला की फोनवर ताबा मिळवलेल्या माणसाला आतली किल्ली काढता येत होती. अंदाजे १० कोटी फोन. सॅमसंगने २०२१ मध्ये दुरुस्ती दिली आणि २०२२ ला हे जाहीर झालं. गणित पक्कं होतं, बांधणाऱ्याचा हात चुकला. म्हणून महिन्याचं सिक्युरिटी अपडेट आलं की टाकत जा, पुढे ढकलू नका.

सर्व्हररूम

मी एका शैक्षणिक संस्थेत नेटवर्क सांभाळतो (धाग्यातल्या नव्हे). दुसरी बाजूही ऐका. दोन हजार मुलं एका लाइनवर असतात, त्यात व्हायरस येतो, कोणी काहीही डाउनलोड करतं आणि उद्या पोलिसांचं पत्र आलं तर उत्तर आम्हाला द्यावं लागतं. सगळी रहदारी कुलूपबंद असेल तर फायरवॉलला आतलं दिसत नाही. म्हणून हे बसवावं लागतं, कोणाचे पासवर्ड वाचायची हौस नाही कोणाला. आमच्याकडे बँक आणि दवाखान्यांच्या साइट आम्ही वगळल्यात.

कुलूपकिल्ली

साहेब, तुमची अडचण मला पटते आणि तुम्ही बँका वगळल्यात हे खरंच चांगलं केलंत. पण संस्थेच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर हे करणं वेगळं, ते तुमचे आहेत. मुलाचा फोन त्याचा आहे. त्यात त्याचं घर आहे, पैसे आहेत, आईचे मेसेज आहेत. त्यात रूट टाकलं की ते फक्त हॉस्टेलच्या भिंतींपुरतं राहत नाही, मुलगा सुट्टीत गावी गेला तरी फोन त्याला मानतच राहतो. त्या फायरवॉलमधली किल्ली उद्या कोणाच्या हातात पडली तर तो माणूस एसटी स्टँडच्या फुकट वायफायवरसुद्धा या मुलांपुढे गूगल बनून उभा राहू शकतो. साइट कुठे जातायत एवढं तर कुलूप न उघडता, नावावरूनही बऱ्यापैकी अडवता येतं.

आणि एक फरक कागदावर लिहून लावाल तर मुलांचं फार भलं होईल. अँड्रॉइड ११ पासून इन्स्टॉल करताना तीन प्रकार विचारतात, सीए (म्हणजे सर्टिफिकेट ऑथॉरिटीचं) सर्टिफिकेट, व्हीपीएन आणि ॲपचं युजर सर्टिफिकेट, आणि वायफाय सर्टिफिकेट. युजरनेम-पासवर्डने चालणारं वायफाय असेल, एज्युरोमसारखं (कॉलेजांचं सामाईक वायफाय), तर तिथे लॉगिनचा सर्व्हर खरा आहे का हे तपासायला सर्टिफिकेट खरंच लागतं, आणि ते टाकलंच पाहिजे. पूर्वी लोक 'तपासू नका' असा पर्याय निवडून मोकळे व्हायचे, मग शेजारच्या खोलीतून कोणीही त्याच नावाचं वायफाय सुरू करून पासवर्ड गोळा करू शकायचा. अँड्रॉइड ११ च्या डिसेंबर २०२० च्या अपडेटपासून तो पर्यायच काढायला सुरुवात झाली. पण हे सर्टिफिकेट तिसऱ्या प्रकारात टाकायचं, ते वायफायच्या लॉगिनपुरतंच वापरलं जातं. पहिल्या प्रकारात टाकलं की सगळ्या वेबसाइटसाठी ओळखीचा माणूस झाला.

सर्व्हररूम

गावी गेल्यावरही राहतं, हा मुद्दा आमच्या मीटिंगमध्ये कधी आलाच नव्हता. सोमवारी मांडतो. निदान सुट्टीआधी काढायची सूचना तरी लावतो.

जुना_वाचक

अवांतर वाटेल पण धाग्याला धरून आहे. यादीतल्या एका नावाने काय होतं याची दोन उदाहरणं.

नेदरलँड्समध्ये डिजीनोटार नावाची सर्टिफिकेट कंपनी होती, डच सरकारची कामंही करायची. २०११ मध्ये तिच्यात हॅकर घुसला आणि गूगलसकट ५०० च्या वर खोटी सर्टिफिकेट काढली. ती इराणमधल्या लोकांवर वापरली गेली, सुमारे ३ लाख आयपी पत्ते. तिथल्या लोकांनी जीमेल उघडलं, कुलूप दिसलं, आणि मध्ये कोणीतरी वाचत होतं. त्या देशात मेल वाचला जाणं म्हणजे काय हे मी लिहायला नको. त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीचं दिवाळं वाजलं. त्याआधी सगळ्या ब्राउझरांनी तिला यादीतून काढलं होतं.

दुसरं आपल्याच घरचं. जुलै २०१४ ला गूगलच्या लक्षात आलं की आपल्या एनआयसीच्या (केंद्र सरकारची संगणक संस्था) सर्टिफिकेट यंत्रणेतून गूगलच्या नावांची सर्टिफिकेट निघालीत. एनआयसीच्या वर सीसीए, म्हणजे ताई, तुमच्या डोंगलवाल्या कंपन्यांना लायसन्स देतात तेच कंट्रोलर. सीसीएचं रूट विंडोजच्या यादीत होतं त्यामुळे विंडोजवरचे बहुतेक प्रोग्राम ते मानत होते. अँड्रॉइड, आयफोन आणि फायरफॉक्सच्या यादीत ते नव्हतं म्हणून तिथे धोका नव्हता. सीसीएने लगेच ३ जुलैला एनआयसीची सर्टिफिकेट रद्द केली, एनआयसीची प्रक्रियाच फोडली गेली होती असं त्यांच्या तपासात निघालं. तेव्हा मी सरकारी साइटवर रोज काम करायचो, त्यामुळे ती बातमी आजही डोक्यातून जात नाही.

डब्लिनवासी

इकडे ऑफिसने माझ्या स्वतःच्या आयफोनमध्ये प्रोफाइल (ऑफिसच्या सेटिंग्जची फाइल) टाकायला सांगितलंय. आयफोनलाही हेच लागू का?

कुलूपकिल्ली

हो, फक्त ॲपल एक पायरी जास्त ठेवतं. २०१७ च्या आयओएस १०.३ पासून हाताने टाकलेलं रूट नुसतं टाकून चालत नाही, सेटिंग्जमध्ये जनरल, अबाउट, तिथे अगदी तळाशी सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज आहे, त्यात जाऊन वेगळं चालू करावं लागतं. पण ऑफिसने डिव्हाइस मॅनेजमेंटखाली (म्हणजे फोनचा ताबा ऑफिसकडून लांबून चालतो त्यात) प्रोफाइल टाकलं असेल तर त्यातलं रूट आपोआप चालू होतं, म्हणून प्रोफाइल उघडून आत काय काय आहे ते आधी वाचा. जमलं तर ऑफिसचा वेगळा फोन मागा.

अजून एक राहिलं, डेव्हलपर मंडळींसाठी. मघाशी म्हटलं ना की ॲपने तुला वाचवलं, ते ॲप नीट लिहिलं असेल तरच. टेस्टिंगला सर्टिफिकेटची एरर येते म्हणून 'काहीही आलं तरी खरं मान' असा चार ओळींचा कोड लोक नेटवरून उचलून टाकतात आणि तो तसाच बाहेर जातो. २०१२ मध्ये हॅनोव्हर आणि मारबर्गच्या संशोधकांनी १३,५०० मोफत अँड्रॉइड ॲप तपासली, त्यात १,०७४ मध्ये असा धोकादायक कोड होता. मी स्वतः एका क्लायंटचा कोड हातात घेतला तर पैसे भरण्याच्या स्क्रीनमागे नेमकं हेच होतं, आत कॉमेंट, नंतर काढायचं आहे. दोन वर्षं तसंच होतं ते, हजारो लोक त्यावर कार्ड नंबर टाकत होते. त्या रात्री मला झोप लागली नव्हती. टेस्टिंगसाठी नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमध्ये (ॲपने कोणावर विश्वास ठेवायचा ते लिहायची फाइल) फक्त डीबग बिल्डला, म्हणजे टेस्टिंगच्या आवृत्तीला, लागू होणारा भाग आहे, तो वापरा, बाहेर जाणाऱ्या ॲपमध्ये तो लागूच होत नाही.

नवखा_लातूरकर

दादा, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तुम्ही सांगितलं तसं क्रोममध्ये सर्टिफिकेट उघडून बघितलं, शोधाशोधीच्या साइटवर खरंच आमच्या फायरवॉलचं नाव होतं. बँकेच्या साइटवरही तेच. म्हणजे वगळलेली नाही. मी मोबाइल डेटावरून नेटबँकिंग आणि मेल दोन्हीचे पासवर्ड बदलले आणि युजर टॅबमधून ते काढलं, नोटिफिकेशनपण गेलं. खोलीतल्या तिघांचंही काढून दिलं.

अजून एक विचारतो. बाबांचा फोन जुना आहे, अँड्रॉइड ६, बॅटरी काढता येते असला. त्यात बाजारभावाची साइट उघडली की कनेक्शन खासगी नाही असं येतं. त्यांनी तर काहीच टाकलेलं नाही.

कुलूपकिल्ली

आधी तारीख बघ. सर्टिफिकेटवर कधीपासून कधीपर्यंत हे लिहिलेलं असतं, फोनचं घड्याळ मागे गेलं की आजचं सर्टिफिकेट त्याला 'अजून सुरूच झालेलं नाही' असं दिसतं. बॅटरी काढली की जुन्या फोनमध्ये हे हमखास होतं.

तारीख बरोबर असेल तर दुसरं कारण यादी जुनी. लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था फुकट सर्टिफिकेट देते, लाखो छोट्या साइट तिच्यावर चालतात. तिचं स्वतःचं रूट अँड्रॉइड ७.१.१ पासून आहे, त्याआधीचे फोन तिला दुसऱ्या एका जुन्या रूटच्या ओळखीवर मानायचे. ते जुनं रूट ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. पण अँड्रॉइड रूटची मुदत तपासत नाही, हे हेरून त्यांनी त्याच्याच सहीने आणखी तीन वर्षं काढली, २०२४ पर्यंत, कारण २०२० साली त्यांनी मोजलं तेव्हा तीनातला एक अँड्रॉइड फोन ७.१ च्या आधीचा होता आणि असे फोन गरिबाघरीच जास्त असतात, त्यांना एका दिवसात इंटरनेटबाहेर काढायचं नाही म्हणून. आता तो रस्ता बंद झाला. तेव्हा रूटची यादी फोनच्या पूर्ण अपडेटबरोबरच यायची आणि कंपनीने अपडेट बंद केलं की यादी तिथेच थिजायची. २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून ती प्ले सिस्टिम अपडेटमधून वेगळी बदलता येते, त्यामुळे पुढच्या फोनांना हा त्रास कमी होईल.

बाबांना सांग, ती सूचना आली की 'तरीही पुढे जा' दाबायची सवय लावू नका. बाजारभाव बघण्यापुरतं ठीक वाटतं पण बोटाला सवय लागते आणि तीच सूचना उद्या बँकेच्या पानावर येते. आणि अँड्रॉइड ६ वर पैशाचं काही करू नका.

नवखा_लातूरकर

आत्ताच व्हिडिओ कॉल केला, काकांच्या फोनवरून. बाबांनी त्यांचा फोन कॅमेऱ्यासमोर धरला तर वर २०१५ साल होतं. सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याचं बटण बंद होतं, ते चालू करायला सांगितलं. साइट उघडली, सोयाबीनचा भाव वाचून दाखवला त्यांनी मला. यूपीआय त्या फोनवर नव्हतंच. दिवाळीत घरी गेलो की माझा जुना फोन रिसेट करून देतो त्यांना, त्याला अजून अपडेट येतायत.

सर्व्हररूम

सोमवारची मीटिंग झाली. आमच्या कागदावर आता वायफाय सर्टिफिकेट हा प्रकार निवडा असं लिहिलंय, स्क्रीनशॉट लावलेत, आणि विद्यार्थ्यांच्या फोनसाठी कुलूप उघडणं बंद केलंय, ते फक्त लॅबच्या मशीनवर राहील. नवख्या, तुमच्या कॉलेजच्या नेटवर्कवाल्यांना हा धागा दाखव. ते माझ्याशी बोलायला तयार असतील तर मला इथेच संपर्कातून कळव, मी आमचं सेटिंग त्यांना समजावून सांगेन.